अंड्यातनं डाव: पोकेमॉन ब्रीडिंग आणि एग मूव्हबद्दल सारखे विचारले जाणारे प्रश्न

रविवारी संध्याकाळी रंकाळ्याच्या कट्ट्यावर बसलो की आमच्यातली तीच पोरं तेच प्रश्न विचारतात, मी तेच उत्तर देतो, तोवर चहा गार होतो आणि पुढच्या रविवारी परत तेच. म्हणून म्हटलं पोकेमॉन ह्या व्हिडिओ गेममध्ये दोन पोकेमॉनची जोडी लावून अंड्यातनं पिल्लू कसं काढायचं, म्हणजे ब्रीडिंग, हे एकदाचं लिहूनच ठेवतो. खाली जे प्रश्न आहेत ते खरंच विचारलेले आहेत, काही तर एकाच पोरानं चारदा विचारलेत, नाव घेत नाही, त्याला कळलंय.

एग मूव्ह म्हणजे नेमकं काय रे दादा?

मूव्ह म्हणजे पोकेमॉनचा लढाईतला डाव. खासबागेत कुस्ती बघितलीयस ना, मग सोपं आहे. पैलवान तालमीत रोज जोर-बैठका मारून वयाप्रमाणं जे शिकत जातो ते झाले लेव्हल-अप मूव्ह. मशीन वापरून, म्हणजे टीएमनं जे शिकवता येतं ते वस्तादानं वरनं घातलेलं. आणि तिसरा प्रकार असा की ह्या पोराच्या तालमीत तो डाव कुणी शिकवतच नाही, कितीबी वर्षं घाम गाळला तरी येणार नाही, पण बाप दुसऱ्या तालमीचा होता म्हणून पोरगं अंड्यातनं बाहेर पडतानाच ढाक मारतंय. तो एग मूव्ह.

फक्त एक लक्षात ठेव, बापाकडं आहे म्हणून काहीही उतरत नाही. प्रत्येक जातीची एग मूव्हची यादी गेममध्ये ठरलेली असते, त्या यादीत असेल तरच मिळतंय. चारमेंडरच्या यादीत ड्रॅगन डान्स आहे म्हणून तो बापाकडनं येतो, बापाला सर्फ येतोय म्हणून चारमेंडर पोहायला लागणार नाही.

हे कधीपासून आहे?

गोल्ड आणि सिल्व्हर ह्या गेमपासून, १९९९. त्याआधीच्या रेड-ब्लूमध्ये डे केअर, म्हणजे पोकेमॉन सांभाळायला ठेवायची जागा, होतं पण एकच पोकेमॉन ठेवता यायचा, एकट्यानं काय अंडी घालणार. गोल्ड-सिल्व्हरमध्ये गोल्डनरॉड सिटीच्या खाली रूट ३४ वर म्हातारा-म्हातारी दोन पोकेमॉन ठेवून घ्यायला लागले आणि तिथनं हे सगळं चालू झालं. तेव्हा पिल्लू लेव्हल ५ चं निघायचं, डायमंड-पर्लपासून लेव्हल १ चं निघतंय.

मधल्या काही गेममध्ये ब्रीडिंग नाहीच. लेट्स गो आणि लेजेंड्स आर्सेउसमध्ये शोधत बसू नकोस, एका पोरानं दोन दिवस शोधलं होतं.

कुणाचं कुणाशी जमतंय हे कसं कळणार?

एग ग्रुप बघायचा. मॉन्स्टर, ड्रॅगन, फील्ड, फेअरी, बग, फ्लाइंग, ग्रास, ह्यूमन-लाइक, मिनरल, अमॉर्फस, आणि पाण्याचे तीन वेगळे, वॉटर १, २, ३. ह्याशिवाय डिट्टोचा, म्हणजे कुणाचंबी रूप घेणाऱ्या आणि जवळपास कुणाशीबी जोडी जमणाऱ्या पोकेमॉनचा, स्वतःचा एक आणि ज्यांना अंडीच होत नाहीत त्यांचा एक. एक नर, एक मादी, आणि दोघांचा निदान एक तरी ग्रुप सारखा, एवढं असलं की जमलं. बऱ्याच पोकेमॉनना दोन ग्रुप असतात, आणि खरी गंमत ह्या दोन ग्रुपवाल्यांतच आहे, ते खाली चेनच्या प्रश्नात येईल.

दिसण्यावर जाऊ नकोस. ग्याराडोस फ्लाइंग टाइपचा असला तरी फ्लाइंग ग्रुपात नाही, तो वॉटर २ आणि ड्रॅगनमध्ये आहे. टाइप वेगळा, ग्रुप वेगळा. निम्मी पोरं इथंच घसरतात.

पिल्लू आईच्या जातीचं की बापाच्या?

आईच्या. गंगावेशीत धारोष्ण दूध प्यायला थांबलास तर तिथल्या कुणालाबी विचार, म्हैस विकत घेताना पहिला प्रश्न तिच्या आईनं किती दूध दिलं हाच असतो. इथंबी तसंच, जात आईची, पिल्लू कायम सगळ्यात खालच्या रूपात. चारिझार्ड मादी ठेवलीस तर चारमेंडर येणार. बाप ग्याराडोस असूदे नाहीतर आणि कोण.

हे मला माहीत नव्हतं म्हणून मी जे केलं ते सांगतो. माझ्याकडं चुलतभावाचा जुना गेमबॉय ॲडव्हान्स एसपी आहे, त्यात एमराल्ड हा गेम. मला ड्रॅगन डान्सवाला बॅगन पाहिजे होता, म्हणजे पुढं सॅलमेन्स झाला की सगळ्यांची वाट. ड्रॅगन डान्स अल्टेरियाला लेव्हलनं येतो, अल्टेरिया फ्लाइंग आणि ड्रॅगन ग्रुपची, बॅगन ड्रॅगनचा, म्हणजे जमतंय. गारगोटीला आत्याकडं निघालो होतो, एसटीत खिडकीची सीट मिळाली, दोघांना डे केअरला टाकलं आणि रूट ११७ वर सायकल खाली-वर, खाली-वर. पहिलं अंडं फुटलं, स्वाब्लू. म्हटलं असेल एखादं. दुसरं, स्वाब्लू. गारगोटी येईपर्यंत सात स्वाब्लू, कापसाचं दुकान टाकल्यासारखा बॉक्स. मग बघितलं तर माझी अल्टेरिया मादी आणि बॅगन नर! आत्याच्या घरी जेवताना मला कुणीतरी विचारलं, एवढा गप्प का रे. काय सांगणार.

तर आधी नर-मादीचं चिन्ह बघ, मग सायकल काढ.

मग डाव कोण देतंय? बापच का?

कुठला गेम खेळतोयस त्यावर आहे, आणि सगळ्यात जास्त गोंधळ इथंच, कारण जुनी माहिती वाचून पोरं नवीन गेम खेळतात आणि उलटं.

गोल्ड-सिल्व्हरपासून ब्लॅक-व्हाइट २ पर्यंत एग मूव्ह फक्त बाप देतो. आईला तो मूव्ह येत असला तरी उपयोग शून्य. त्या गेमांत बापाला टीएमनं शिकवलेला मूव्हसुद्धा पिल्लात उतरायचा, पिल्लाला तो टीएम चालत असला तर.

२०१३ ला एक्स-वाय आले आणि आईसुद्धा द्यायला लागली. हा बदल छोटा वाटतो पण लई मोठा आहे. आधी दोन एग मूव्ह पाहिजे असतील तर ते दोन्ही एकाच बापाकडं गोळा करावे लागायचे, आणि कधी कधी ते जमायचंच नाही. आता एक आईकडनं, एक बापाकडनं. एक्स-वायमध्ये बेली ड्रम आणि अ‍ॅक्वा जेट असलेल्या अझुमारिलनं जो धुरळा उडवला तो असाच. बेली ड्रमनं निम्मी एचपी, म्हणजे निम्मा जीव, देऊन अटॅक टॉपला न्यायचा आणि मग अ‍ॅक्वा जेटनं समोरच्याच्या आधी हाणायचं. टीएमचं उतरणं मात्र एक्स-वायपासनं बंद झालं.

लेव्हल-अप मूव्हचा नियम वेगळा आहे. जो मूव्ह पिल्लाला मोठेपणी लेव्हलनं येणारच आहे तो आई आणि बाप दोघांनाही येत असेल तर पिल्लू जन्मतःच घेऊन येतंय. दोन्ही चारिझार्डना फ्लेमथ्रोअर असेल तर लेव्हल १ चा चारमेंडर फ्लेमथ्रोअर घेऊन निघतो, बघायला मजा येते.

चेन ब्रीडिंग म्हणजे काय, डोक्यावरनं जातंय.

डाव सरळ बापाकडनं मिळत नसेल तर मधल्या जातीतनं नेत नेत पोचवायचा, ती चेन. डोक्यात ठेवायचंच नाही, वहीत लिहायचं. आणि उलटं लिहायचं, हे महत्त्वाचं. माझ्या वहीच्या शेवटच्या पानावर अजून असे बाण आहेत, जिथं पोचायचंय ते नाव उजवीकडं आणि तिथनं मागं मागं.

समज तुला ड्रॅगन डान्सवाला टोटोडाइल पाहिजे. डायमंड-पर्लपासून तो त्याच्या यादीत आहे. टोटोडाइलचे ग्रुप मॉन्स्टर आणि वॉटर १. आता तुझ्याकडं ड्रॅगन डान्स येणारा एकच आहे, ग्याराडोस, त्याचे वॉटर २ आणि ड्रॅगन. चारातला एकबी जुळत नाही. म्हणजे मधे असा कुणीतरी पाहिजे ज्याचा एक पाय ह्या तालमीत आणि एक त्या तालमीत, आणि वर त्याच्या स्वतःच्या यादीत पण ड्रॅगन डान्स पाहिजे. चारमेंडर. मॉन्स्टर आणि ड्रॅगन. झालं, ग्याराडोस नर आणि चारमेंडर मादी, त्यातनं ड्रॅगन डान्सवाला नर चारमेंडर, तो मोठा करायचीबी गरज नाही, तसाच उचलून टोटोडाइल मादीबरोबर ठेव. दोन पायऱ्या.

आता खरी अडचण कुठं आहे बघ. चारमेंडर, टोटोडाइल, झाडून सगळे स्टार्टर आठात सात नर निघतात. चेनमध्ये पुढं नर लागतो, ते आपोआप होतंय, पण पहिल्यांदा मादी मिळवायची म्हणजे नाकी नऊ. तुझा स्टार्टर नर असेल तर आधी तो आणि डिट्टो ठेवून मादी निघेपर्यंत अंडी फोडत बस. ही पायरी कुणी वहीत लिहीत नाही आणि सगळ्यात जास्त वेळ हिलाच लागतो.

आणि हो, तुझ्याकडं किंग्ड्रा असेल तर एवढं काहीच करू नकोस, त्याचे ग्रुप वॉटर १ आणि ड्रॅगन, ड्रॅगन डान्स त्याला लेव्हलनं येतो, टोटोडाइलशी सरळ जमतंय. म्हणून म्हणतो आधी वही, मग अंडी. आमच्यातल्या एकानं तीन पायऱ्यांची चेन पूर्ण केली आणि मग त्याला कळलं की एका पायरीत होत होतं. त्या दिवशी मिसळ त्यानं दिली, का ते त्यालाच विचारा.

स्मीअरगलचं काय ऐकतोय?

स्मीअरगल म्हणजे नक्कल्या. त्याला लेव्हल १, ११, २१ असं दर दहा लेव्हलला एकच मूव्ह येतो, स्केच. स्केचनं समोरच्यानं नुकताच मारलेला मूव्ह कायमचा उचलायचा. ग्रुप फील्ड, आणि फील्ड ग्रुप मोठा आहे. म्हणजे नर स्मीअरगलकडं पाहिजे तो मूव्ह स्केच करून घेतला की फील्डमधल्या कुठल्याबी मादीला, तिच्या यादीत असेल तर, एका पायरीत मिळाला. ईव्हीला विश पाहिजे असला की पोरं हेच करतात. डबल बॅटलमध्ये आपल्याच जोडीदाराचा मूव्ह स्केच करता येतो, मग शत्रू शोधत हिंडायला नको.

एमराल्डमध्ये तो बॅटल फ्रंटियरच्या आर्टिझन केव्हमध्ये मिळतो. स्कार्लेट-व्हायोलेटमध्ये सुरुवातीला नव्हताच, इंडिगो डिस्क डीएलसीत, म्हणजे नंतर विकत मिळणाऱ्या जादा भागात, आला.

डिट्टो असला की सगळं होतंय ना?

अंडं होतं, डाव मिळत नाही. डिट्टोकडं ट्रान्सफॉर्म सोडून काही नाही, तो देणार काय. पण नराकडं एग मूव्ह असतील आणि जोडीला डिट्टो ठेवलास तर नराच्याच जातीचं पिल्लू येतं आणि मूव्ह पण येतात, हे जुन्या गेमांतबी चालतं. मादी आणि डिट्टो असेल तर मादीचे एग मूव्ह एक्स-वायपासून पुढंच उतरतात.

टॉरोससारखे फक्त नर असणारे आणि मॅग्नेमाइटसारखे ना नर ना मादी, ह्यांचं स्वतःच्या जातीचं पिल्लू पाहिजे असेल तर डिट्टोशिवाय पर्यायच नाही.

लेजेंडरीची अंडी?

नाही. मॅनाफी आणि डिट्टो ठेवलं तर फिओनी येतो, पण तो वाढून मॅनाफी होत नाही. पिचूसारखी बाळं पण अंडी देत नाहीत. निडोरिना आणि निडोक्वीन पण नाही, का ते मला विचारू नका, म्हातारीला विचारा.

पिल्लाला पाच-सहा एग मूव्ह आले तर?

जागा चारच. आधी त्याचे स्वतःचे पहिल्या लेव्हलचे मूव्ह बसतात, मग आईबाप दोघांना येणारे लेव्हल-अपचे, मग एग मूव्ह, आणि जागा संपली की नंतर आलेला आधीच्याला बाहेर ढकलतो. केएमटीच्या बसमध्ये पुढच्या दारानं चढलं की मागच्या दारानं दोघं उतरतात तसं. म्हणून आईबाप दोघांचे मिळून पाहिजे तेवढे चारच एग मूव्ह ठेव, नको असलेले आधीच विसरायला लाव, म्हणजे भानगड नाही.

एक्स-वायपासून सोय आहे, अंड्यातनं घेऊन आलेला एग मूव्ह नंतर विसरला तरी मूव्ह रिमाइंडरकडनं, म्हणजे विसरलेले मूव्ह आठवून देणाऱ्याकडनं, परत मिळतो. जुन्या गेममध्ये गेला तो गेला.

म्हातारा म्हणतोय दोघांचं पटत नाही. अंडं कधी येणार?

म्हातारा नेमकं काय म्हणतोय ते वाच. दोघं एकमेकांपेक्षा दुसऱ्यांबरोबर खेळतात असं म्हणाला तर अंडं कधीच येणार नाही, ग्रुप नाहीतर नर-मादी चुकलंय. बाकी काहीही म्हणाला तरी येणार, फक्त वेळ कमी-जास्त. एमराल्डच्या काळात दर २५६ पावलांना गेम एक फासा टाकतो. एकच जात आणि ट्रेनर, म्हणजे मूळ मालक खेळाडू, वेगवेगळे असतील तर साधारण ७० टक्के, दोन्हीतलं एकच जुळलं तर ५० आणि जात वेगळी, ट्रेनर एकच असेल तर २०. म्हणून माझं अल्टेरिया-बॅगन सगळ्यात मंद, वीस टक्केवालं. मित्राकडनं ट्रेडनं एक घेतलास तर लगेच फरक पडतोय.

अंडी फुटायला लई वेळ लागतंय.

पार्टीत, म्हणजे बरोबर घेतलेल्या पोकेमॉनमध्ये, फ्लेम बॉडी नाहीतर मॅग्मा आर्मर ॲबिलिटीवाला (ॲबिलिटी म्हणजे अंगचा गुण) एक ठेव, पावलं निम्मी. एमराल्डपासून हे चालतं. एमराल्डमध्ये फायरी पाथला स्लग्मा पकड, त्याला दोन्हीपैकी एक असतीच, म्हणजे बघायचंबी कारण नाही. स्कार्लेट-व्हायोलेटमध्ये फ्लेचिंडर घे, फक्त फ्लेम बॉडीवाला आहे का ते तपास.

जातीवर पण आहे. मॅजिकार्पचं अंडं ५ सायकलचं, ड्रॅटिनीचं ४० (ही चालवायची सायकल नव्हे, ठराविक पावलांचा एक फेरा). म्हणजे एक ड्रॅटिनी निघेपर्यंत आठ मॅजिकार्प होतात. पहिल्यांदाच करत असशील तर मॅजिकार्पवर हात बसव.

स्कार्लेट-व्हायोलेटमध्ये डे केअर सापडत नाही!

नाहीच आहे. तिथं पिकनिक लावायची. दोघांना पार्टीत घे, पिकनिक लाव, टेबलाशेजारच्या टोपलीत अंडी येतात, एकावेळी दहापर्यंत साठतात. आधी सँडविच खायचं, एग पॉवर वाढवणारं. पीनट बटर, बटर आणि केळं घालून होतं ते ग्रेट पीनट बटर सँडविच चालतं, त्याचा असर अर्धा तास. मग अर्धा तास टोपलीशी ये-जा करायची. मी मधे उठून खरं केळं खाऊन आलो होतो एकदा, गेममधलं बघून भूक लागली.

पार्टीत दोघंच ठेव, बाकीचे नेऊ नकोस, नाहीतर टोपलीत भलत्याच जोडीचं अंडं सापडेल आणि तू परत माझ्याकडं येशील.

मिरर हर्ब आल्यावर ब्रीडिंगची गरजच राहिली नाही म्हणतात, खरंय का?

बऱ्यापैकी खरंय, आणि मला हे आवडलं का नाही हे मलाच ठरवता येईना.

सुरुवात सोर्ड-शील्डपासनं झाली, २०१९. तिथं एकाच जातीचे दोघं नर्सरीत ठेवले, एकाला एग मूव्ह येतोय आणि दुसऱ्याची एक जागा रिकामी आहे, तर बाहेर काढताना दुसऱ्याला पण तो आलेला असतो. अंडंबिंडं काही नाही. मग २०२२ ला स्कार्लेट-व्हायोलेटनं त्याच्या पुढं जाऊन मिरर हर्ब दिला, आणि त्यात तर जात, ग्रुप, नर-मादी काहीच बघायचं नाही.

करायचं असं. ज्याला शिकवायचंय त्याच्या हातात मिरर हर्ब दे, मूव्हच्या मेनूत जाऊन त्याचा एक मूव्ह विसरायला लाव म्हणजे एक जागा मोकळी, ज्याला तो मूव्ह येतोय त्याला पार्टीत घे, पिकनिक लाव, थोडं थांब, आवर. झालं. यादीत असेल तरच येणार हा नियम मात्र तसाच आहे. मिरर हर्ब संपत नाही, एकदा डेलिबर्ड प्रेझेंट्समधनं घेतला की कायमचा.

२०२२ च्या डिसेंबरमध्ये सात स्टारवाला चारिझार्ड टेरा रेडमध्ये (चौघांनी मिळून एका तगड्या पोकेमॉनशी लढायचं) आला होता तेव्हा सगळ्या जगानं अझुमारिल बनवली. आमच्या ग्रुपात पण रात्री एकाच्या गच्चीवर चार जण चार निन्टेंडो स्विच घेऊन. अझुमारिलला बेली ड्रम पाहिजे, तो हरियामाला लेव्हलनं येतो, हरियामा ह्यूमन-लाइक आणि अझुमारिल वॉटर १ आणि फेअरी, जुन्या गेमांत हे दोघं शेजारी बसले नसते. इथं मिरर हर्ब देऊन पाच मिनिटांत चौघांच्या अझुमारिल तयार. भारी वाटलं. पण माझ्या त्या वहीतले बाण आठवून पोटात जरा कसंतरी झालं. कुस्ती नुसती बघून डाव यायला लागला तर तालीम बांधायची कशाला, असं एकजण म्हणाला. त्यावर दुसरा म्हणाला, तू बघूनच शिकलास की, खेळलास कधी? त्यावर कुणाकडं उत्तर नव्हतं.

आयव्ही, नेचर वगैरे पण पाहिजे. एकाच वेळी होतंय का?

होतंय. पोकेमॉनच्या ताकदीचे सहा आकडे असतात, प्रत्येक ० ते ३१, त्याला आयव्ही म्हणतात. साधं ठेवलंस तर आईबापाच्या मिळून बारापैकी तीन उतरतात. एकाच्या हातात डेस्टिनी नॉट दिलास तर एक्स-वायपासून पाच. दुसऱ्याच्या हातात एव्हरस्टोन दे, त्याचा नेचर, म्हणजे स्वभाव, पिल्लाला शंभर टक्के. म्हणजे एका हातात नॉट, एका हातात दगड, ही जोडी ठरलेली. एमराल्डमध्ये एव्हरस्टोन आहे पण निम्म्याच वेळा चालतो, आणि फायररेडमध्ये त्यानं नेचर उतरतच नाही.

हिडन ॲबिलिटी आईकडं असेल तर पिल्लात यायचा चान्स ६० टक्के, हे ब्लॅक-व्हाइटपासनंचं.

पण खरं सांगू, आता आयव्हीसाठी अंडी फोडण्यात मी वेळ घालवत नाही. सन-मूनपासून बॉटल कॅप देऊन हायपर ट्रेनिंग करता येतं, आधी लेव्हल १०० लागायची, स्कार्लेट-व्हायोलेटमध्ये ५० ला होतंय. नेचरसाठी मिंट आहेत. आधी एग मूव्ह बघ, आकडे नंतर विकत मिळतात.

पिचूला व्होल्ट टॅकल कुठल्या बापाकडनं?

कुठल्याच नाही. पिकाचू नाहीतर राईचूच्या हातात लाइट बॉल देऊन ब्रीड कर, पिचू व्होल्ट टॅकल घेऊनच येतो. एमराल्डपासून.

शायनीसाठी, म्हणजे वेगळ्या रंगाच्या दुर्मीळ पोकेमॉनसाठी, परदेशी डिट्टो लागतो म्हणे, पुण्याचा चालेल?

गेमची भाषा वेगळी पाहिजे, गाव नाही. पुण्याच्या मावसभावाचा गेम इंग्लिश, तुझा पण इंग्लिश, मग तो कितीबी वेगळं बोलत असूदे, गेमच्या हिशेबानं दोघं एकाच गल्लीतले. जपानी, फ्रेंच, जर्मन, कोरियन असं काहीतरी पाहिजे. ऑनलाइन ट्रेडवर जपानी डिट्टो मिळून जातो.

ह्याला मासुदा मेथड म्हणतात, पोकेमॉनचे गेम बनवणाऱ्या गेम फ्रीक कंपनीत तेव्हा असलेल्या जुनिची मासुदा यांच्या नावावरनं, डायमंड-पर्लपासून आहे. एक्स-वायपासून हिशेब ४०९६ मध्ये ६, म्हणजे ६८३ मध्ये साधारण एक, शायनी चार्म असेल तर ५१२ मध्ये एक. आणि ६८३ अंडी फोडली की एक मिळणारच असं नसतं. तेवढी फोडून पण शंभरातल्या सदतीस जणांच्या हातात काहीच नसतं. मी एकदा त्या सदतीसांत होतो. एग मूव्ह आणि शायनी दोन्ही एकत्र पाहिजे असेल तर मूव्ह आधी आईबापाकडं पक्के कर, मग मोजायला लाग. शायनी निघाला आणि मूव्ह नाही, असं झालेल्या माणसाचं तोंड मी बघितलंय.

पोकेमॉन गोमध्ये दोघांना ठेवायचं कुठं?

कुठंच नाही. तिथली अंडी स्टॉपवर मिळतात, २, ५, १० किलोमीटर अशी चालून फोडायची, आईबाप नाहीत, एग मूव्ह नाहीत. रंकाळ्याला चकरा मारायचा मात्र फायदा आहे, वजन कमी होतंय.

पालवर्ल्डमध्ये पण असंच आहे का?

थोडं वेगळं. तिथं ब्रीडिंग फार्म बांधायचा आणि केक ठेवायचा, केक नाही तर दोघं नुसते उभे, ह्या बाबतीत ते पक्के आपल्याकडचे, जेवणाशिवाय काम नाही. कुठलाही नर आणि कुठलीही मादी चालते, ग्रुपची भानगड नाही, पण पिल्लू आईच्याच जातीचं येईल असं नाही, जोडीवरनं भलतीच तिसरी जात निघते. मुख्य लक्ष पॅसिव्ह स्किल उतरवण्यावर असतं, एका पालला चारपर्यंत. वहीतला उलटा बाण इथंबी उपयोगी पडतो.

ड्रॅगन क्वेस्ट मॉन्स्टर्समध्ये मात्र जपून. १९९८ पासूनची ती मालिका, तिथं दोघांचा संगम केला की पिल्लाला स्किल मिळतात आणि आईबाप गायब. कायमचे. सेव्ह न करता पहिल्यांदा करू नकोस.

उरलेल्या पिल्लांचं काय करायचं?

नव्या गेममध्ये सरप्राइज ट्रेडला सोड, एग मूव्हवालं पिल्लू कुठल्यातरी देशातल्या पोराला फुकट मिळालं की त्याचा दिवस चांगला जातोय. स्विचवाल्यांनी सोडून देण्याआधी आमच्या ग्रुपला विचारा, बारकी पोरं मागत असतात.

एमराल्डमध्ये असलं काही नाही. गारगोटीच्या त्या प्रवासानंतर मी अल्टेरिया नर पकडला, बॅगन मादी पकडली, आणि मग थांबायचं कुठं हे कळलं नाही. आत्ता माझ्या बॉक्समध्ये ड्रॅगन डान्सवाले एकोणीस बॅगन आणि ते सात स्वाब्लू आहेत. कुणाकडं ॲडव्हान्सचा लिंक केबल असेल, चालू असलेला, तर रविवारी घेऊन या. स्वाब्लू पण न्यावे लागतील.